शंभर-दीडशे सैनिकांची मिनिएचर आर्मी रंगवायला घेतली आहे. प्रायमर कुठला वापरावा, स्प्रे की ब्रशचा? आणि एवढी फौज पूर्ण व्हायला किती दिवस लागतात?

स्प्रे की ब्रश हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

दिवसांचं आधी सांगतो. माझी फौज १५ मिमीची, म्हणजे सैनिक साधारण तेवढ्या उंचीचे, पांढऱ्या धातूची. १४४ पायदळ, ४० घोडेस्वार, ८ तोफा आणि त्या डागणारे ३२ गोलंदाज. आठवड्यातून चार रात्री, जेवणं झाल्यावर तास-तास बसून नऊ महिने लागले. तुमची २८ मिमीची असेल तर दुप्पट धरा. एकेक सैनिक पुरा करत बसलात तर फौज कधीच उभी राहणार नाही. आठ-आठ जण कुल्फीच्या काडीवर फेव्हिकॉलने चिकटवायचे आणि आधी आठही अंगरखे, मग आठही पागोटी, असं जायचं.

आता स्प्रेचं.

माझी फौज शिंद्यांची आहे, असईच्या लढाईतली. २३ सप्टेंबर १८०३. असई जालना जिल्ह्यात, आणि माझं आजोळ तिथून जवळच, केळणा नदीच्या काठाला. इंग्रजांचा सेनापती वेलेस्ली याने त्या दिवशी मराठ्यांच्या ९८ तोफा घेतल्या, हे जो तो सांगतो. त्या तोफांवरची माणसं जागची हलली नाहीत, हे फारसं कोणी सांगत नाही. इंग्रजांची रांग तोफा ओलांडून पुढे गेली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी मागून मारा सुरू केला. म्हणून गोलंदाज मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, हात पुरता बसल्यावर रंगवायचे म्हणून. त्या बत्तीसांना दीड महिना दिला. एकेकाच्या हातात बत्ती आहे, तिच्या टोकावर नारिंगी ठिपका. तो ब्रशच्या एकाच केसाने द्यावा लागतो, श्वास धरून. जरा जास्त रंग आला की पूर्ण मूठ नारिंगी होते.

जुलै होता, मी ठाण्यात. पुढच्या रविवारी या फौजेने टेबलावर लढाईचा डाव मांडायचा ठरलेला. गोलंदाजांना वार्निश तेवढं राहिलं होतं. ज्याच्याशी खेळायचं होतं तो मित्र म्हणाला, ‘ब्रशने मारलंस तर चट्टे पडतील. स्प्रे मार, दहा मिनिटांचं काम आहे.’ परदेशातून रंग येतात, पण स्प्रेचे डबे हवाई टपालाने येत नाहीत. म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून मॅट क्लिअरचा, म्हणजे चकाकी नसलेल्या पारदर्शक वार्निशचा डबा आणला. पाऊस थांबल्यावर गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, एक हात मारला आणि चहा करायला आत गेलो.

परत आलो तर बत्तीसच्या बत्तीस पांढरे. गिरणीत उभं राहिल्यावर अंगावर पीठ बसतं तसे. नारिंगी ठिपके दिसेनात, चेहरे दिसेनात. मी तिथेच खाली बसलो.

मित्राने फोनवर काय सांगावं? ‘लांबून मारलास. हात चुकला तुझा.’ चार वर्षं झाली, अजून नव्या माणसाला तो हेच सांगतो.

हात चुकला नव्हता. स्प्रेमधला द्रव भराभर उडून जातो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि पावसाळी हवेतली ओल त्या ओल्या थरात उतरते. थर तसाच वाळला की धुरकट पांढरा दिसतो. मी हे पडताळून पाहिलं आहे. तोच डबा, तेवढंच अंतर, जानेवारीतली कोरडी दुपार आणि आठ जादा घोडेस्वार. आठही काचेसारखे स्वच्छ निघाले. त्याला फोटो पाठवले, त्यावर त्याचं अजून उत्तर नाही.

तेव्हा पावसाळ्यात, त्यातून ठाणे-मुंबई-कोकणात, स्प्रेला हात लावू नका. वार्निशही नाही आणि प्रायमरही नाही. प्रायमर पांढरा पडला नाही तरी रेतीसारखा खरखरीत बसतो आणि मग कितीही चांगला रंग द्या, चेहरा देवीचे व्रण असल्यासारखा दिसतो. रंगाआधीचा हा अस्तराचा हात ब्रशनेच द्या, अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या, राखाडी. आधी सैनिक भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन वाळवा. मग दोन पातळ हात, मध्ये एक रात्र जाऊ द्या. चट्टे पडतात ते जाड हातामुळे, ब्रशमुळे नाही. वार्निशलाही हेच.

माझे गोलंदाज वाचले. ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निशचा पातळ हात ब्रशने दिला तशी पांढरी झाक बरीचशी उतरली. त्यावर ब्रशनेच मॅट दिलं. दोन-तीन पागोट्यांच्या घड्यांत अजून पांढरं आहे. ठिपके मात्र सगळे नव्याने द्यावे लागले.

नागपूर किंवा संभाजीनगरला राहत असाल आणि हिवाळा असेल, तर स्प्रे चालतो, वेळही पुष्कळ वाचतो, हे कबूल. फक्त सैनिक प्लॅस्टिकचे असतील तर गाड्यांचा स्प्रे आधी साच्याच्या उरलेल्या तुकड्यावर मारून बघा, काही स्प्रे प्लॅस्टिक खातात. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र, मी वापरलेला नाही.

सैनिक ज्यावर उभा असतो त्या बेसवर विकतची वाळू घालू नका. मी आजोळच्या शेतातली काळी माती आणली, तव्यावर भाजली, चहाच्या गाळणीने चाळली आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरवली. वाळली की तिला आपोआप बारीक भेगा पडतात, तिकडच्या जमिनीला उन्हाळ्यात पडतात तशाच.