हिगलीचं तांबं: नाणं की टोकन?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या वसाहतकाळात, कनेटिकटमध्ये सिम्सबरीजवळ तांब्याची खाण असलेल्या डॉ. सॅम्युअल हिगलीने स्वतःच पाडलेल्या तांब्याच्या चकत्यांना मराठीत 'नाणं' म्हणावं की 'टोकन'? नाणं सरकार पाडतं, मग 'खासगी नाणं' हा वदतोव्याघात नाही का?

नाही. पेशवाईत कितीतरी टांकसाळी परवाना घेतलेले सोनार-सावकार चालवत. त्यांच्या रुपयाला कुणी टोकन म्हटलं नाही. अर्थात त्यांच्याकडे परवाना तरी होता. हिगलीकडे तोही नव्हता.

'टोकन'चं प्रकरण जास्त मजेदार आहे. अंगच्या धातूपेक्षा जास्त किंमत सांगतं ते टोकन, असा काटेकोर अर्थ घेतला तर १७३७ चा पहिला छाप नक्कीच टोकन. आकार इंग्लिश अर्ध्या पेनीएवढा, आणि वर लिहिलंय 'किंमत तीन पेन्स'! लोकांनी कुरकुर केली असं सांगतात. मग मजकूर बदलला: एका बाजूला हरीण आणि 'हवी ती किंमत करा', दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेले तीन हातोडे आणि 'मी चांगलं तांबं आहे'. आता हे धातूच्या वजनावर चालणारं नाणं झालं म्हणावं, तर हरणाखाली रोमन तीनचा आकडा तसाच! पठ्ठ्याने मागणी सोडली नाही, फक्त आवाज खाली आणला.

तांबं मात्र खरंच चोख होतं. सोन्यात मिसळायला सोनार हीच नाणी वितळवत, असं म्हणतात. आज ती इतकी दुर्मिळ असण्याचं तेही एक कारण मानलं जातं.

तेव्हा माझं मत: सरसकट 'हिगलीची तांब्याची नाणी' लिहावं, 'टोकन' फक्त दर्शनी किमतीची चर्चा असेल तिथे. 'बिल्ला' नको, तो छातीवर लावायचा असतो. 'मुद्रा' म्हटलं की आधी शिक्कामोर्तब आठवतं, आणि 'मोहोर' तर सोन्याची.

आणखी एक. सॅम्युअल १७३७ मध्येच इंग्लंडच्या वाटेवर समुद्रात वारला, पण काही नाण्यांवर साल १७३९ आहे. ती त्याचा भाऊ जॉन याने पाडली असावीत असं मानतात. म्हणून 'सॅम्युअल हिगलीची' न लिहिता नुसतं 'हिगलीची' लिहिलेलं बरं.