‘लोकानुनय’ की ‘लोकवाद’, आणि मतदाराचा ‘भ्रमनिरास’

विचारणा अशी आहे : जुन्या, मोठ्या पक्षांना कंटाळलेले मतदार नव्या आणि आक्रमक पक्षांकडे वळत असल्याचे जगभरातून वाचायला मिळते. या प्रवृत्तीला, म्हणजे ‘पॉप्युलिझम’ला, मराठीत कोणी ‘लोकानुनय’ म्हणतात, कोणी ‘लोकानुरंजन’, कोणी ‘लोकप्रियतावाद’, तर क्वचित कोणी ‘लोकवाद’. यांपैकी योग्य शब्द कोणता? आणि अशा मतदारांचा ‘भ्रमनिरास’ झाला असे लिहावे की ते ‘भ्रमनिराश’ झाले असे?

दुसऱ्या प्रश्नातील शुद्धलेखनाचा भाग आधी उरकतो. ‘भ्रमनिराश’ असा शब्द नाही. ‘निरास’ म्हणजे निरसन, दूर होणे. भ्रमाचा निरास तो भ्रमनिरास. ‘निराश’ या विशेषणाशी त्याचे काही नाते नाही, मात्र ज्याचा भ्रमनिरास होतो तो माणूस बहुधा निराशही होत असल्यामुळे कानाला दोन्ही शब्द एकच वाटतात आणि ‘स’चा ‘श’ होतो. हे नाम असल्यामुळे ‘मतदार भ्रमनिरास झाले’ अशी रचनाही चालणार नाही. ‘मतदारांचा भ्रमनिरास झाला’ किंवा ‘भ्रमनिरास झालेले मतदार’ असे लिहावे.

शब्द शुद्ध लिहिला तरी तो त्या जागी योग्य आहे का, हा प्रश्न उरतोच. ‘भ्रमनिरास’ म्हणताना आपण नकळत एक निवाडा देतो : मतदार भ्रमात होता आणि आता तो शहाणा झाला. दोष त्याच्या समजुतीचा ठरतो. ग्रीसमध्ये २००९ च्या ऑक्टोबरमधील निवडणुकीच्या प्रचारात ‘पैसा आहे’ असे पासोक या समाजवादी पक्षाच्या नेत्याने, पापांद्रेऊ यांनी, सांगितले होते. पक्षाला सुमारे ४४ टक्के मते मिळाली, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच त्याच सरकारला परकीय कर्जाच्या अटींखाली वेतन आणि निवृत्तिवेतन कापावे लागले. जानेवारी २०१५ मध्ये पासोकला पाच टक्केही मते मिळाली नाहीत. या मतदारांना भ्रम झाला होता असे मी म्हणणार नाही. त्यांना वचन दिले गेले होते आणि त्यांनी ते खरे मानले होते. येथे ‘अपेक्षाभंग’ हा शब्द अधिक न्याय्य आहे, आणि लेखकाला थोडे धारिष्ट असेल तर ‘वचनभंग’ अधिकच. ‘भ्रमनिरास’ राखून ठेवावा तो खरोखरच एखादी कल्पना गळून पडली असेल अशा ठिकाणी, उदाहरणार्थ हे दोन मोठे पक्ष परस्परांचे कट्टर विरोधक आहेत ही कल्पना. ग्रीसमध्ये ती २०११-१२ मध्ये गळून पडली, जेव्हा दशकानुदशके आळीपाळीने राज्य करणारे पासोक आणि न्यू डेमोक्रसी हे दोन्ही पक्ष एकाच सरकारात बसले आणि एकच आर्थिक कार्यक्रम राबवू लागले.

याच कुळातला आणखी एक शब्द आपल्याकडे आहे आणि तो फारच कमी वापरला जातो : ‘उबग’. जर्मन भाषेत राजकारणाविषयीच्या वैतागासाठी ‘पोलिटिकफेरड्रोसनहाइट’ असा लांबलचक सामासिक शब्द आहे आणि १९९२ मध्ये तो तेथे ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडला गेला होता. राजकारणाचा उबग, असे त्याचे दोन शब्दांत काम होते. पत्रकार मात्र त्याऐवजी ‘मतदारांची उदासीनता’ असे लिहितात, आणि ते मला खटकते. उदासीन माणूस कडेला बसलेला असतो, तर उबगलेला माणूस जवळून पाहून, भोगून विटलेला असतो, आणि संधी मिळाली तर तो घराबाहेर पडतो. ब्रिटनमध्ये २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे ६६ टक्के मतदान झाले होते, तर पुढच्याच वर्षी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर, जेव्हा जवळपास सर्व मोठ्या पक्षांचे नेतृत्व एका बाजूला होते, ते ७२ टक्क्यांवर गेले. याला उदासीनता म्हणता येत नाही.

ज्यांचा उबग येतो त्या पक्षांना काय म्हणावे, हेही त्याच ओघात सांगतो. ‘मुख्य प्रवाहातील पक्ष’ हा शब्दप्रयोग उसना असला तरी रुळलेला आहे आणि त्यात निंदा नाही. ‘प्रस्थापित पक्ष’ अधिक मराठी वाटतो, परंतु तो तटस्थ नाही. ‘प्रस्थापितांविरुद्ध’ असे म्हणताच वक्ता कोणत्या बाजूला उभा आहे ते कळते. बातमीत पहिला आणि अग्रलेखात दुसरा, अशी वाटणी मला रास्त वाटते. वस्तुस्थितीपुरते बोलायचे तर या पक्षांची घसरण आकड्यांतच दिसते : ब्रिटनमध्ये १९५१ साली मजूर आणि हुजूर या दोन पक्षांना मिळून सुमारे ९७ टक्के मते होती, २०२४ मध्ये ती ५७ टक्क्यांच्या आसपास आली, जर्मनीत १९७० च्या दशकात दोन मोठ्या पक्षांकडे मिळून ९० टक्क्यांहून अधिक मते होती, २०२१ मध्ये निम्मीही राहिली नाहीत.

आता मुख्य प्रश्न. ‘लोकानुनय’ हा शब्द सुंदर आहे, आणि माझे मत असे की तो ‘पॉप्युलिझम’साठी वापरू नये. ‘अनुनय’ म्हणजे मनधरणी, आर्जव, रुसलेल्याची समजूत काढणे. त्यामुळे लोकानुनय हे एक वर्तन आहे : लोकांना जे हवे ते, परवडत नसले तरी, देऊ करणे. हे वर्तन कोणताही पक्ष करतो, आणि सत्तेवर असलेला जुना पक्ष ते सर्वांत सहज करतो, कारण तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. ‘लोकानुनयवाद’ असे त्याला शेपूट जोडले म्हणून त्याची विचारसरणी होत नाही. (शेपटावरून आठवले : ‘लांगूलचालन’ हा त्याच्या शेजारचा शब्द शब्दशः शेपूट हलवणेच आहे, आणि त्यात तुच्छता इतकी भरलेली आहे की तो वादविवादाबाहेर वापरू नये.)

हे दोन अर्थ किती वेगळे आहेत हे पाहायचे असेल तर अर्जेंटिनातील २०२३ ची अध्यक्षीय निवडणूक पाहावी. एका बाजूला होते अर्थमंत्री सेर्खिओ मासा. महागाईचा वार्षिक दर शंभर टक्क्यांच्या वर गेलेला असताना त्यांच्या सरकारने मतदानाच्या तोंडावर बहुसंख्य नोकरदारांना आयकरातून मुक्त केले आणि खरेदीवरील कर काही प्रमाणात परत देण्याची योजना आणली. दुसऱ्या बाजूला होते हाविएर मिलेई. ते प्रचारात यांत्रिक करवत घेऊन फिरत होते आणि सरकारी खर्चाला कात्री लावण्याचे वचन देत होते. निवडून आले मिलेई, सुमारे ५६ टक्के मतांनी. आता सांगा, यांत लोकानुनय कोणी केला? उघडच मासा यांनी. आणि जगभरातल्या विश्लेषकांनी ‘पॉप्युलिस्ट’ कोणाला म्हटले? अधिक करून मिलेई यांना, कारण त्यांचा सारा हल्ला ‘ला कास्ता’वर, म्हणजे सर्वपक्षीय राजकारण्यांच्या बंदिस्त वर्गावर होता. ‘पॉप्युलिझम म्हणजे लोकानुनय’ हे समीकरण धरून ही बातमी मराठीत लिहायला बसलेला माणूस पहिल्याच परिच्छेदात अडखळेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, अडखळला नाही तर तो वाचकाला असे पटवून देईल की मतदार आमिषाला भुलले, जेव्हा प्रत्यक्षात त्यांनी आमिष नाकारले होते.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. ‘पॉप्युलिस्ट’ हे नाव अमेरिकेत १८९० च्या दशकाच्या आरंभी पीपल्स पार्टी या नव्या पक्षाच्या अनुयायांसाठी प्रचारात आले. कर्ज, पडलेले भाव आणि रेल्वेचे चढे दर यांनी गांजलेले शेतकरी हा या पक्षाचा कणा होता. जुलै १८९२ मध्ये ओमाहा येथे त्यांनी जाहीर केलेल्या कार्यक्रमाच्या प्रास्ताविकातच तक्रार आहे ती दोन्ही मोठ्या पक्षांविरुद्ध : गेले पाव शतक हे दोघे सत्ता आणि लुटीसाठी झगडत राहिले आणि सोसणाऱ्या लोकांचे हाल तसेच राहिले. त्यांच्या उमेदवाराला, जेम्स वीव्हर यांना, त्या वर्षी दहा लाखांहून अधिक मते मिळाली. वाढत्या उत्पन्नावर वाढता कर ही त्यांची मागणी तेव्हा हास्यास्पद ठरवली गेली होती. १९१३ मध्ये आयकराचा मार्ग अमेरिकेच्या राज्यघटनेतच दुरुस्ती करून मोकळा करण्यात आला. या चळवळीत अनुनय कोणी कोणाचा केला? अनुनयाला दोन पक्ष लागतात, एक विनवणारा आणि एक रुसलेला. येथे रुसलेलेच पुढे आले होते. शिवाय ते स्वतःला अभिमानाने पॉप्युलिस्ट म्हणवीत. ‘मी लोकानुनयी आहे’ असे कोणीही स्वतःविषयी म्हणत नाही, आणि जो शब्द केवळ इतरांना चिकटवता येतो तो एका राजकीय प्रवाहाचे नाव होऊ शकत नाही. शांताल मूफ यांच्यासारख्या विचारवंत आजही ‘डाव्या पॉप्युलिझम’चा उघड पुरस्कार करतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

आजच्या अभ्यासकांच्या व्याख्यांतही देण्याघेण्याला फारसे स्थान नाही. कास मुडे यांनी २००४ मध्ये मांडलेली आणि सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या थोडक्यात अशी की समाज ‘निर्मळ जनता’ आणि ‘भ्रष्ट अभिजन’ अशा दोन परस्परविरोधी गटांत विभागलेला आहे आणि राजकारणाने जनतेची इच्छा तेवढी प्रकट करावी, असे मानणारा हा विचार आहे. यान-वेर्नर म्युलर त्यात आणखी एक अट घालतात : जनतेचे खरे प्रतिनिधी केवळ आम्हीच, हा दावा. म्हणजे मुळात हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. जुन्या पक्षांनी आपले म्हणणे मांडणे सोडले अशी भावना जितकी बळावते, तितकी या दाव्याला जागा मिळते.

या संदर्भात मराठी व्याकरणाने आपल्याला एक सोय करून दिली आहे. ‘लोक’ हा शब्द या अर्थाने आपण अनेकवचनी वापरतो : लोक म्हणतात, लोक भांडतात, लोकांची मते वेगवेगळी असतात. ‘जनता’ मात्र एकवचनी आहे : जनता म्हणते, जनतेने कौल दिला, जनता माफ करणार नाही. ‘जनतांची मते’ असे आपण म्हणूच शकत नाही. पॉप्युलिस्ट नेता ज्यांच्या नावाने बोलतो ते ‘लोक’ नसून ‘जनता’ असते, एक मन, एक इच्छा आणि एक आवाज असलेली. १९८९ च्या शरद ऋतूत लायपझिगच्या रस्त्यांवर पूर्व जर्मनीच्या एकपक्षीय सत्तेविरुद्ध ‘जनता आम्ही आहोत’ अशी घोषणा दिली गेली. हीच घोषणा २०१४ पासून ड्रेस्डेनमध्ये स्थलांतरितांविरोधी मोर्चांत दिली जाऊ लागली. पहिल्या वेळी घोषणेचा रोख ‘जनता’ या शब्दावर हक्क सांगणाऱ्या राज्यकर्त्यांवर होता. दुसऱ्या वेळी तो ‘आम्ही’ या शब्दाबाहेर राहिलेल्या माणसांवर आला. शब्द तेच आणि क्रमही तोच.

या न्यायाने ‘जनतावाद’ हा अर्थाला सर्वांत जवळचा शब्द ठरेल, परंतु आपल्याकडे इतक्या पक्षांच्या नावांत ‘जनता’ आहे की वाचक भलतीकडेच जाईल. ‘जनवाद’ डाव्या चळवळीने फार पूर्वीच घेतला आहे आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘बहुजनवाद’ तर सुचवूच नये. ‘बहुजन’ या शब्दामागे जातिव्यवस्थेविरुद्धच्या एका ठोस संघर्षाचा इतिहास आहे. ‘लोकप्रियतावाद’ हे ‘पॉप्युलर’ या शब्दाकडे पाहून केलेले भाषांतर दिसते. लोकप्रिय असणे आणि पॉप्युलिस्ट असणे यांत काहीही नाते असायला हवे असे नाही. पडेल पक्षही पॉप्युलिस्ट असू शकतो. ‘लोकानुरंजन’ करमणुकीच्या अंगाने जातो, म्हणून भाषणशैलीपुरता तो ठीक आहे.

उरतो ‘लोकवाद’. संस्कृतात या शब्दाचा अर्थ लोकांतील बोलणे, वदंता असा आहे, परंतु मराठीत तो अर्थ कोणाच्या मनात येत नाही. खरा आक्षेप वेगळा आहे : ‘लोकवादी’ हे विशेषण गौरवाचे वाटते, ‘लोकशाहीवादी’च्या शेजारी बसणारे. मला तो आक्षेप वाटत नाही. ज्याला आपले म्हणून मिरवता येते आणि ज्यावर टीकाही करता येते असाच शब्द येथे हवा आहे. म्हणून धोरणाविषयी लिहिताना ‘लोकानुनय’ आणि दाव्याविषयी लिहिताना ‘लोकवाद’, अशी विभागणी मी करतो. एखाद्या पक्षाला दोन्ही शब्द लागू पडतील, एखाद्याला एकच. सत्तेवर आल्यानंतर लोकवादी पक्ष लोकानुनयी होतात असेही अनेकदा घडते, आणि तसे लिहायला दोन वेगळे शब्द हाताशी असावे लागतात.

‘ला कास्ता’चा उल्लेख वर आला आहे, त्याविषयी एक सावधगिरी. आपण ज्याला इंग्रजीत ‘कास्ट’ म्हणतो तो शब्द याच इबेरियन ‘कास्ता’वरून आलेला आहे, त्यामुळे भाषांतरकाराचा हात ‘जात’ या शब्दाकडे जाणे साहजिक आहे. स्पेनमध्ये २०१४ साली पोदेमोस या पक्षाने आणि नंतर मिलेई यांनी हा शब्द ज्या अर्थाने वापरला, त्यात जन्माचा संबंध नाही. एकमेकांना सांभाळून घेणारा सत्ताधारी कंपू एवढाच आशय आहे. तेथे ‘अभिजन’ हा समाजशास्त्रातला शब्दही फार सभ्य पडतो. ‘राजकारण्यांची टोळी’ असे म्हटले तर त्या शब्दातला राग मराठीत येतो.