विमानाला लोक ‘तो’ म्हणतात की ‘ती’?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत पायलट विमानाला ‘शी’ म्हणतात, मग विमान बाई की बुवा, आणि आपल्याकडे काय म्हणतात. मराठीपुरतं उत्तर सोपं आहे: ‘ते’. खरं तर इथेच थांबायला हवं, पण मी एकतीस वर्षं मुंबईत हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या शेडमध्ये, विमानांच्या पोटाखाली काढली आहेत. तेव्हा थोडं सहन करा.

हँगरमध्ये ‘विमान’ हा शब्द फारसा कानावर पडत नाही. हिंदीत ‘जहाज’, मराठीतही जहाजच, नाहीतर ‘एअरक्राफ्ट’. एखाद्या ठरावीक विमानाबद्दल बोलायचं असेल तर त्याच्या नोंदणीची शेवटची दोन-तीन अक्षरं. भारतातल्या विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ने सुरू होते, ती सगळ्यांची सारखीच, म्हणून ती गाळायची आणि उरलेल्या अक्षरांनी हाक मारायची. रात्रपाळीला चॉक (विमान घरंगळू नये म्हणून चाकाला लावायची अडण) घेऊन उभे असताना माझा हिंदीभाषक जोडीदार म्हणायचा, ‘आ गया’. मी म्हणायचो, ‘आलं’. चाक एकच, एका बाजूने चॉक त्याने लावायचा, दुसऱ्या बाजूने मी. त्याच्या लेखी तो गडी होता आणि माझ्या लेखी लेकरू.

लेकरू मी उगाच म्हटलेलं नाही. नपुंसकलिंग म्हटलं की शाळेत शिकलेलं आठवतं आणि वाटतं, म्हणजे निर्जीव वस्तू. इंग्रजीच्या ‘इट’ला तो कोरडेपणा आहे खरा. पण मराठीत ‘ते’ कोणाकोणाला म्हणतात बघा: बाळ, लेकरू, पिल्लू, वासरू, कोकरू, पाखरू. अंगाखांद्यावर घ्यावीत अशी सगळी मंडळी. विमान त्यांच्या पंगतीत बसतं ते व्याकरणाच्या योगायोगाने, हे मान्य. (संस्कृतात ‘विमान’ पुल्लिंगीही चालतं आणि नपुंसकलिंगीही. मराठीने त्यातलं दुसरं घेतलं.) पण कानाला सवय होते आणि मग बोलण्यात माया उतरते.

आमच्याकडे सावंतवाडीकडचा एक हेल्पर होता. तो विमानाला ‘इमान’ म्हणायचा. लांबच्या पल्ल्याचं विमान उतरून बेवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, येऊन थांबलं की ब्रेक इतके तापलेले असतात की जवळ गेलं तर चेहऱ्याला धग लागते. इंजिन बंद झाल्यावर आतला धातू निवताना बारीक टिकटिक ऐकू येते. अशा वेळी कुणी नवा पोरगा घाईघाईने चाकाकडे निघाला की हा त्याला दंडाला धरून मागे ओढायचा: ‘ता दमला हा. जरा रवांदे.’ मालवणीतलं ‘ता’ म्हणजे आपलं ‘ते’, आणि ‘रवांदे’ म्हणजे ‘राहू दे’. ट्रेनिंगमध्ये ब्रेकच्या तापमानाचे तक्ते आम्हाला पाठ करायला लावले होते, पण हे वाक्य जास्त लक्षात राहिलं.

आता एक गंमत. विमान ‘ते’, पण फ्लाइट ‘ती’. ‘विमान वेळेवर उडालं आणि माझी फ्लाइट चुकली’ हे वाक्य आपण न अडखळता बोलतो. परक्या शब्दाला मराठी माणूस घरातल्या जुन्या शब्दाचं लिंग देऊन टाकतो, असा माझा अंदाज आहे. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून बस, कार, जीप स्त्रीलिंगी. हेलिकॉप्टर आणि रॉकेट विमानाच्या मागे गेली. पण ट्रक आणि टेम्पो पुरुष का, याला माझ्याकडे उत्तर नाही. पाण्यावर तर तिन्ही लिंगं सुखाने नांदतात: ती होडी, तो मचवा, ते गलबत.

इंग्रजीतलं ‘शी’ पाण्यावरूनच हवेत गेलं. त्या भाषेत वस्तूंना लिंगच नसतं, त्यामुळे तिथे ‘शी’ म्हणणं हा व्याकरणाचा भाग नाही, ती खलाशांची जिव्हाळ्याची रीत आहे. वैमानिकांनी कॅप्टन, डेक, केबिन, क्रू हे शब्द जहाजावरून उचलले, त्यांच्याबरोबर हेही आलं. मॅन्युअलमध्ये मात्र सहसा ‘शी’ दिसत नाही. आता तर जहाजांच्या जगातही ते मागे पडतंय. ‘लॉइड्स लिस्ट’ या लंडनच्या जुन्या नौवहन वृत्तपत्राने 2002 मध्ये जहाजांना ‘इट’ म्हणायचं ठरवलं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता.

आणि नावं? त्यात एअर इंडियाचा इतिहास मला फार आवडतो. 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलेलं पहिलं विमान होतं ‘मलबार प्रिन्सेस’. त्या काळच्या कॉन्स्टेलेशन विमानांना अशी राजकन्यांची नावं होती. पुढे बोइंग 707 आली तेव्हा हिमालयातली शिखरं लागली: नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनजंगा. ‘मलबार प्रिन्सेस’ 1950 मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँवर आदळलं आणि 1966 मध्ये ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर. होमी भाभा गेले ते याच अपघातात. मग 1971 मध्ये जंबो, म्हणजे बोइंग 747, आली आणि एकदम सम्राटांचा दरबार भरला: अशोक, शाहजहान, अकबर, कनिष्क. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी, जाहिरातीत ‘आकाशातला महाल’. नंतरच्या एका जंबोचं नाव ‘शिवाजी’ होतं. जगभर मात्र 747 ची ओळख ‘क्वीन ऑफ द स्काइज’, आकाशाची राणी. म्हणजे नाव सम्राटाचं, मान राणीचा, जुने कॅप्टन इंग्रजीत तिला ‘शी’ म्हणणार आणि खाली आम्ही विचारणार, ‘अशोक आलं का?’ माणसाला असं विचारलं तर कानफटात बसेल, विमानाबद्दल कुणालाच काही खटकत नसे.

बाहेरच्या भाषांतही असाच सावळागोंधळ आहे. जर्मनमध्ये विमान हा शब्द आपल्यासारखाच नपुंसकलिंगी, पण विमानाचं मॉडेल सांगितलं की ते बहुधा स्त्रीलिंगी होतं, ‘दी बोइंग’, कारण मनात ‘मशीन’ हा शब्द असतो आणि तो तिकडे स्त्रीलिंगी. फ्रेंचमध्ये विमान सरळ पुल्लिंगी. त्यामुळे एकच कॉन्कॉर्ड विमान पॅरिसमध्ये तो आणि फ्रँकफर्टमध्ये ती. जर्मनांनी तर युंकर्स 52 या पन्हाळी पत्र्याच्या अंगाच्या, तीन इंजिनांच्या विमानाला ‘टान्टे यू’ असं लाडाचं नाव दिलं. टान्टे म्हणजे आपली मावशी, आत्या, काकू, सगळ्या एकदम. विमानाचे फोटो बघून मी तिला आत्याच ठरवलंय, कारण चेहरा जरा करडा आहे.

तुमची अडचण जर लिहिण्यातली असेल (प्रश्नावरून तसं वाटलं), तर मराठीत बिनधास्त ‘ते’ लिहा. पात्र पायलट असलं तरी त्याच्या तोंडी ‘ती माझी सुंदरी’ वगैरे घालू नका. आमच्या हँगरमध्ये ते कुणी बोललं असतं तर निवृत्तीपर्यंत त्याला सुंदरीच म्हटलं असतं.