सोलापुरात फ्लॅटमध्ये राहून चार वर्षांच्या मुलीला भाज्यांची गोडी कशी लावायची?

लेक ताटातली भाजी बघूनच तोंड फिरवते, घराला अंगण नाही, तर बाजार आणि कुंड्यांचा काही उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. होतो. फक्त सुरुवात शिजलेल्या भाजीपासून करू नका. मसाल्यात मऊ झालेली गवार पोरांना ओळखूही येत नाही. आधी कच्ची भाजी हातात येऊ द्या, आणि तेव्हा 'खा' म्हणायचं नाही.

सकाळी गर्दी व्हायच्या आत लक्ष्मी मंडईत न्या. तिची स्वतःची छोटी पिशवी आणि एकच काम द्या: गवार निवडणं. शेंग टचकन मोडली तर कोवळी, नुसतीच वाकली तर जून. आमचं पोरगं यात इतकं रमतं की भाजीवाल्या मावशी म्हणतात, "आरं, विकायला ठेव की थोडी!" भेंडीची टोकं मोडायला मात्र शिकवू नका, त्यावरून मावशा खरोखर चिडतात.

खरी मजा डिसेंबर-जानेवारीत. हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या शेंगा, करडईची कोवळी भाजी, मुळे, गाजरं, बोरं, सगळं एकदमच येतं. डहाळा घरी आणून धुवा आणि अख्खा तिच्यापुढे टाका. पानांना अंगचीच आंबट चव असते, पोरं बोटं चाटतात. मग घाटा फोडायचा, आत एखाददुसरा हिरवा दाणा. या वयात दाणा घशात अडकू शकतो, म्हणून चिरडून द्या, तेही बसवून, रिक्षात नको. भोगीला हेच सगळं एका भाजीत पडतं. निवडायला तिला शेजारी घ्या, मग तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ताटात 'माझा पावटा' शोधणं आपोआप सुरू होतं. अक्कलकोटकडे कुणाचं शेत असेल तर वेळ अमावस्येचं, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात होणाऱ्या पूजेचं आणि जेवणाचं, आमंत्रण सोडू नका.

घरी घोळाणा करा. कोवळी मेथी, कांद्याची पात, काकडी बारीक चिरून त्यात शेंगदाण्याचा कूट, मीठ, थोडं कच्चं तेल. कालवायचं काम तिचं.

गॅलरीत मेथीच लावा. बुडाला भोकं पाडलेला पसरट डबा, चार बोटं माती, रात्रभर भिजवलेले दाणे दाट पेरायचे. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, तीनेक आठवड्यांत खुडता येते. कोथिंबीर उगवायला फार वेळ लावते, तेवढा धीर या वयात नसतो. पालेभाजी ऑक्टोबरनंतर, आपल्या चाळीसच्या वरच्या उन्हात ती करपते. पावसाळ्याच्या तोंडाला मोठ्या कुंडीत दोडका लावा. त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे मुलगी घरी असताना. मादी फुलामागे बोटाएवढा दोडका आधीच असतो. वरच्या मजल्यावर फळ धरत नसेल तर नर फूल तोडून तिच्या हाताने मादी फुलाला टेकवा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका वेलात आहे.

शिजलेली भाजी रोज चमचाभर वाढत राहा, आग्रह नको. आठ-दहा वेळा समोर आल्यावरच चाखून बघणं या वयात अगदी नेहमीचं आहे. वरून शेंगाचटणी भुरभुरायचा मोह होईल, पण आपल्या चटणीचं तिखट तिला झेपायचं नाही. तिच्यासाठी नुसता कूट.