‘मी एकदाही पडलो नाही’

“मुलगा १७ वर्षांचा आहे. गाडीसाठी हटून बसलाय. नाही म्हटलं की बोलणं बंद, आणि घेऊन दिली तर आमचा जीव थाऱ्यावर राहणार नाही. काय करावं?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की जरा जास्तच. कायद्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी सांगून टाकते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नेहमीची मोटारसायकल रस्त्यावर चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची. २०१९च्या दुरुस्तीनंतर, अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत कच्चं लायसनही मिळत नाही. हे ऐकून आईवडिलांना हायसं वाटतं. चला, आता कायद्याच्या नावावर नाही म्हणता येईल. मुलानं मात्र हे सगळं मोबाइलवर केव्हाच वाचलेलं असतं. त्याचं भांडण कायद्याशी नसतंच.

मागच्या वर्षी आलेल्या एका बापलेकाची गोष्ट सांगते. सांगायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील पन्नाशीच्या आतबाहेरचे, सरकारी नोकरीतले. मुलगा अकरावीत. पहिल्या भेटीत मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला आणि वडीलच बोलत राहिले. पोराला २०० सीसीची गाडी हवी, मित्रांकडे आहे, आईला धरून बसतो वगैरे. “दहावीला ९० टक्के आणलेस तर गाडी, असं मीच म्हणालो होतो,” त्यांनी कबूल केलं. “मला वाटलं, काही आणत नाही. त्यानं ९१ आणले.”

इथे जरा थांबते, कारण हा सौदा घरोघरी होतो आणि माझ्या मते याच्याइतका वाईट सौदा दुसरा नाही. बीजगणितात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक किती दाबायचा ते कळत नाही. शिवाय शब्द मोडल्यावर भांडण गाडीचं राहत नाही, ‘तुम्ही खोटं बोललात’ याचं होतं. त्या मुलाचं तेच झालं होतं.

आणखीही एक गोष्ट होती. दुसऱ्या भेटीत मुलगा पहिल्यांदा सलग बोलला. “मॅडम, पप्पा स्वतः पंधराव्या वर्षी राजदूत चालवायचे. प्रत्येक लग्नात सांगतात. सगळे ऐकून हसतात. मग मीच काय पाप केलंय?”

वडिलांचा चेहरा लगेच खुलला. माझाही खुलला असणार. मी स्वतः पेडल मारून सुरू होणाऱ्या लूनावर शिकलेली. कुणी राजदूत म्हटलं की मला दूधवाल्याची गाडी आठवते, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली. गृहस्थ रंगून सांगू लागले. १९९२ साल, कृष्णाकाठचं गाव, थोरल्या चुलत्यांची १७५ सीसीची राजदूत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं. प्लग काळा पडला की काढून पॉलिश पेपरनं घासायचा. किक उलटी आली की नडगीवर टेंगूळ. चुलते दुपारी आडवे झाले की हा गाडी ढकलत ओढ्यापर्यंत न्यायचा, म्हणजे आवाज घरात जाणार नाही. क्लच झटक्यात सोडला की गाडी घोड्यासारखी उधळायची. “पण मी एकदाही पडलो नाही,” त्यांनी शेवट केला. मुलाचे ओठ त्याच वेळी हलले. वाक्य त्याला पाठ होतं.

मी सहज विचारलं, “बघायला कोण असायचं?”

हा प्रश्न मी गाडीच्या प्रकरणांत मुलांना नेहमी विचारते. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, काहींनी एकट्यानं खेळायचा आणि काहींनी मित्रांसमोर. मित्र शेजारी असले की १३ ते १६ वयाची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत. चोवीस वर्षांपुढच्या मोठ्यांना बघ्यांमुळे फारसा फरक पडत नव्हता. म्हणून ‘मुलगा नीट चालवतो का’ यापेक्षा ‘मागे कोण बसलंय, पारावर कोण बघतंय’ हे मला आधी कळायला हवं असतं. पण त्या दिवशी प्रश्न मुलाऐवजी बापाला गेला.

ते गप्प झाले. बराच वेळ. मग म्हणाले, “पारावर पोरं असायची. एकदा चुलत बहीण शाळेतून येत होती, सातवीला होती. म्हटलं, चल, सोडतो. ती पोरांसारखी दोन्हीकडं पाय टाकून बसली. पोरांसमोर जरा जोरात काढली. उताराला गाडी कलली. मी पाय टेकून सावरलो. ती घसरली आणि तिचा पाय सायलेन्सरखाली आला. पोटरी भाजली.”

“म्हणजे तुम्ही पडला नाहीत, हे खरंच होतं,” मी म्हणाले. म्हणायला नको होतं कदाचित. पण त्यांनी मान हलवली.

“तिनं घरी सांगितलं, बंबाला पाय लागला. माझं नाव घेतलं नाही. पुढं तिला बघायला येऊ लागले, तेव्हा घरात चर्चा व्हायची, पायाचं आधी सांगायचं की नाही. मी तिथंच बसलेला असायचो. खाली मान घालून चहा प्यायचो.”

तीस वर्षं हा माणूस लग्नांमधून अर्धीच गोष्ट सांगत आला होता. मुलाला गाडी नाही म्हणताना उरलेली अर्धी त्याच्या पोटात ढवळायची आणि तोंडातून मात्र ‘आजकाल ट्रॅफिक किती वाढलंय’ असलं काहीतरी निघायचं. मुलाला बापाची भीती दिसत होती, पण तिचं मूळ कुठेच सापडत नव्हतं. मग त्यानं स्वतःच अर्थ लावला होता: पप्पांचा माझ्यावर विश्वास नाही.

आता पोरगा काय करेल याचा मला अंदाज नव्हता. तो ‘बघा, तुम्ही पण तसेच’ असं म्हणू शकला असता, आणि पंधरा-सतरा वर्षांची मुलं म्हणतातही. तो म्हणाला, “कोणती आत्या? इस्लामपूरची?” आणि थोड्या वेळानं, वडिलांकडे न बघता, “मी पण चालवलीय. मित्राची. चार वेळा. एकदा ट्रिपल सीट.”

वडिलांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मी मध्ये पडायच्या तयारीत होते. त्यांनी हात मांडीवर घट्ट दाबून धरला आणि विचारलं, “हेल्मेट होतं?”

“नव्हतं.”

“रस्ता कुठला?”

मग ते दोघं वीस मिनिटं फक्त त्या रस्त्याबद्दल बोलले. कुठे वाळू असते, कुठल्या वळणावर एसटी अंगावर येते. मी एक शब्द बोलले नाही. इतकी वर्षं काम करूनही गप्प बसणं मला जड जातं, पण त्या दिवशी जमलं.

बाकीचं मग फारसं अवघड गेलं नाही. १८ पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर गाडी नाही, मित्राचीही नाही. ९० टक्क्यांचा शब्द मोडल्याबद्दल वडिलांनी स्पष्ट माफी मागितली, ‘पण’ न लावता. हे मात्र मी हट्टानं करून घेतलं. आणि गोष्ट आत्याच्या घरी जाऊन पूर्ण सांगायची, हे त्यांनी आपणहून ठरवलं.

आत्याकडची हकिकत मला मुलाच्या आईनं फोनवर सांगितली. आत्यानं साडी घोट्याच्या वर धरून पोटरी दाखवली आणि भाचा दचकला तशी हसली. मग भावाकडे वळून म्हणाली, “पायाचं काही नाही रे दादा. मला पण शिकायची होती गाडी. तू हँडल कधी सोडलंच नाहीस.” ती आता स्कूटीवरून शाळेत शिकवायला जाते. चाळिशीत शिकली, स्वतःच्या स्वतः.

पोराला या जूनमध्ये कच्चं लायसन मिळालं. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. वडिलांच्या जुन्या १०० सीसीच्या गाडीवर लाल ‘एल’ चिकटवलाय. वडील हेल्मेट घालून मागे बसतात आणि पोराची तक्रार आहे की प्रत्येक गतिरोधकाला ते त्याचा खांदा दाबतात. नव्या गाडीचं अजून ठरलेलं नाही. बाप १२५च्या वर जायला तयार नाही, पोरगा २००च्या खाली उतरत नाही. त्यासाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. या वेळी आत्यालाही घेऊन येणार आहेत.