अमेरिकेतल्या आमच्या लहान विद्यापीठाने डिव्हिजन वन (कॉलेजांच्या खेळांचा सर्वात वरचा गट) सोडून डिव्हिजन थ्रीमध्ये (जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते) जावं का? त्याने नाव खराब होईल का?

जावं. नाव खराब होत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो, पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य डोक्यात गेलं. तुमच्याकडे जेमतेम दोन हजार मुलं, ट्रस्टी मंडळात हा विषय निघालाय आणि एक सहकारी प्राध्यापक म्हणाले, "थ्री म्हणजे तिसऱ्या दर्जाचं." हेच वाक्य मी २०१८ च्या गणपतीत न्यू जर्सीतल्या एडिसनला, आमच्या साडूंच्या घरी, आरतीनंतर प्रसाद घेताना ऐकलंय. माझ्या मुलीबद्दल.

ती तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात जाऊन क्रॉस-कंट्री (माळावरची, टेकाडांवरची लांब शर्यत) पळायचं तिचं ठरलं होतं. कॉलेज डिव्हिजन थ्रीचं. साडूंचा मुलगा एका मोठ्या डिव्हिजन वन विद्यापीठात टेनिसच्या संघात होता आणि ही गोष्ट विसरायची सोय ते कुणाला ठेवत नसत. सगळ्यांसमोर म्हणाले, "थ्री? म्हणजे आपला थर्ड क्लासचा डबा की!" लोक हसले. बायकोने माझा दंड दाबला, म्हणून मी मोदक तोंडात घातला.

उत्तर मला गाडीत सुचलं, नेहमीसारखं उशिरा. आम्ही मूळचे कराडचे. शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात. "हेवीवेटमध्ये का नाही उतरलात?" असं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. मी हे दुसऱ्या दिवशी फोन करून साडूंना ऐकवलं. ते म्हणाले, "वजन देवाने दिलेलं असतं, डिव्हिजन तुम्ही निवडता." मग मी म्हटलं, बॉस्टनजवळची एमआयटी बहुतेक खेळ डिव्हिजन थ्रीमध्येच खेळते. तर म्हणे, "एमआयटीचं वेगळं."

शिष्यवृत्तीचंही सांगतो, कारण तुमच्याकडे हाच मुद्दा येणार. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाही हे खरं. पण डिव्हिजन वनच्या पुरुष टेनिसमध्ये तेव्हा अख्ख्या संघाला मिळून कमाल साडेचार शिष्यवृत्त्या देता यायच्या. त्या आठ-दहा पोरांत वाटायच्या. साडूंच्या मुलाच्या वाट्याला शून्य आली होती, म्हणजे फी तेही भरत होते आणि मीही. शिवाय माझ्या मुलीला मार्कांवर थोडी सवलत मिळाली, अशा सवलतीला डिव्हिजन थ्रीत आडकाठी नसते. २०२० च्या उन्हाळ्यात त्या मोठ्या विद्यापीठाने खर्च कमी करायचा म्हणून टेनिसच बंद केलं. अमेरिकन फुटबॉलला हात लावला नाही. पोराचं शेवटचं वर्ष गेलं. मी तेव्हा काही बोललो नाही. आज बोलतोय.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मुलीच्या संघाची रीजनल स्पर्धा होती. साडू आमच्याकडे राहायला आले होते, म्हणून त्यांनाही गाडीत घातलं. चार तासांचा रस्ता, पहाटेचा अंधार, मागे शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा (त्या पोरी त्यांना एनर्जी बॉल म्हणायच्या). क्रॉस-कंट्रीत सात जणी पळतात आणि पहिल्या पाचांचे गुण धरतात. मैदानावर पोचल्यावर कळलं की आमची आठवी. म्हणजे राखीव. पळणार नाही.

साडू म्हणाले, "मग चार तास गाडी कशाला चालवली?" मला उत्तर आलं नाही. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटलं होतं.

बंदूक वाजली. सात जणी गेल्या. आठवीने त्या सातही जणींची जाकिटं खांद्यावर टाकली आणि चिखलातून तिरकी धावत सुटली, पहिल्या मैलाच्या खुणेकडे. तिथे एकेकीचं नाव घेऊन ओरडली, कोण कितवी आहे ते सांगितलं आणि वळून पुन्हा तिरकी दुसऱ्या मैलाकडे. मग टेकाडावर. मग शेवटच्या वळणावर. सहा किलोमीटरच्या शर्यतीत ती स्पर्धक नसताना किती पळाली याचा हिशेब साडूंनीच मांडला, बोटांवर, आणि म्हणाले, "शर्यतीत असती तर एवढी पळाली नसती." त्यांच्या तोंडून टोमणा नसलेलं वाक्य मी त्या दिवशी ऐकलं. संघ राष्ट्रीय स्पर्धेला पात्र झाला नाही, जवळपासही नव्हता. परतताना टर्नपाइकला (टोलच्या महामार्गाला) लागल्यावर साडू झोपले. हार मान्य करायची त्यांची ही पद्धत आहे असं मी धरून चाललोय.

आता तुमच्या विद्यापीठाचं.

पैशाचं गणित सरळ आहे. डिव्हिजन वनच्या लहान विद्यापीठात खेळाडूवर विद्यापीठ खर्च करतं. डिव्हिजन थ्रीत खेळाडू फी भरून येतो. म्हणून लहान कॉलेजं संघ वाढवतात, वर्ग भरायला. त्यात जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर झाली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. दोन हजार मुलांच्या संस्थेने त्या पंगतीत बसायचं म्हणजे ऋण काढून सण.

आणि हरल्यावरच खाली जातात असंही नाही. हार्टफर्ड विद्यापीठ मार्च २०२१ मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच पोचलं आणि मे महिन्यात त्यांनी डिव्हिजन थ्रीत जायचा निर्णय घेतला. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस २०२५ च्या मार्चमध्ये त्याच स्पर्धेत दोन गुणांनी हरलं आणि आठवड्याभरात त्यांनीही तेच जाहीर केलं. आनंदाच्या भरात असताना हिशेबाची वही उघडायला धाडस लागतं.

तुमचे सहकारी फेअरली डिकिन्सनचं नाव काढतील. आमच्या न्यू जर्सीचंच विद्यापीठ, २०२३ मध्ये त्याच बास्केटबॉल स्पर्धेत त्यांनी पहिलं मानांकन असलेल्या पर्ड्यूला ६३-५८ हरवलं. मीही टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो होतो. पण लॉटरी लागलेल्या माणसाला बघून कुणी घर विकून तिकिटं घेतं का? उलट त्यांना शिकागो विद्यापीठाबद्दल विचारा. एके काळी बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या लीगमध्ये, १९३५ ची पहिली हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) त्यांच्या जे बरवँगरची, आणि १९३९ साली त्यांनी फुटबॉल गुंडाळलं. पुढे पुन्हा सुरू केलं, पण आज खेळतात डिव्हिजन थ्रीत. कुणी त्यांना तिसऱ्या दर्जाचं म्हणतं?

बरं, शिकागोकडे पैसा आहे, तुमच्याकडे नसेल. आणि खाली गेल्याने संस्था वाचतेच असं नाही. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज डिव्हिजन वनमधून थ्रीत आलं, तरी ३१ मे २०२४ ला कायमचं बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळत होता. तेव्हा मंडळाने "खेळात वाचवू आणि सगळं ठीक होईल" असं सांगितलं तर मानू नका. डिव्हिजन टूचाही विचार करा, तिथे थोड्या शिष्यवृत्त्या देता येतात. माझा तिकडचा अनुभव नाही, म्हणून बोलत नाही.

आणखी एक, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. ज्या मुलांना शिष्यवृत्तीचं कबूल करून आणलंय त्यांची पदवीपर्यंतची सोय मंडळाकडून लेखी घ्या, मगच ठरावाच्या बाजूने मत द्या. ज्यांना दुसरीकडे जाऊन खेळायचंय त्यांना वेळेवर सांगा, ऑगस्टमध्ये नको. आमच्या भाच्याला, साडूंच्या त्या मुलाला, टेनिस बंद झाल्याचं मेलवर कळलं होतं.

आणि टेनिस बंद करू नका.