वाचकांचे प्रश्न: रॉडच्या धाग्यावर कोणतं इपॉक्सी लावायचं?

मागच्या अंकात मासेमारीच्या रॉडच्या दुरुस्तीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, बहुतेक पत्रं इपॉक्सीवरच आली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जिथे लोक जास्त अडकतात तिथे उत्तर जरा लांबलंय.

प्रश्न: सर, रॉडची मधली गाईड (दोरी जिच्यातून जाते ती, धाग्याने रॉडला बांधलेली कडी) हलत होती म्हणून जुना धागा काढून नवीन नायलॉनचा धागा घट्ट गुंडाळलाय. घरात पाच मिनिटांत सुकणारं दोन ट्यूबवालं इपॉक्सी पडलंय, तेच वरून लावलं तर चालेल का?

नको, खरंच नको. ते इपॉक्सी दोन वस्तू एकमेकांना चिकटवायला बनवलेलं असतं, मधे दबून गप्प बसायचं एवढंच त्याचं काम. धाग्यावरचं इपॉक्सी उघड्यावर असतं, त्याला ऊन लागतं पाणी लागतं आणि मासा ओढायला लागला की रॉड वाकतो तेव्हा त्यालाही रॉडबरोबर वाकावं लागतं, ते पण परत परत. झटपट सुकणाऱ्याला हे झेपत नाही, काही दिवसांनी गाईडचा पाय (धाग्याखाली दबलेला तिचा धातूचा भाग) जिथे संपतो बरोबर तिथे बारीक आडवी चीर दिसते, चिरेतून पाणी आत जातं आणि आतल्या आत पाय गंजायला लागतो, वरून बघणाऱ्याला पत्ताच नसतो. शिवाय पाच मिनिटांत ते धाग्यात मुरणार कधी आणि सपाट होणार कधी, ब्रशचे ओरखडे जसेच्या तसे राहतात, आणि पिवळंही लवकर पडतं.

रॉड फिनिश म्हणून जे मिळतं ते साधारण वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत पातळ राहतं, धाग्याच्या मधल्या फटींत उतरतं, मग हळूहळू घट्ट होतं आणि सुकल्यावरही थोडं लवचिक राहतं. हा लवचिकपणाच आपल्याला हवा असतो. काही जणांनी टेबलावर ओततात त्या इपॉक्सीबद्दल विचारलंय, ते दिसायला सुंदर असतं पण सुकल्यावर जास्त कडक होतं, त्यामुळे रॉडच्या वाकणाऱ्या भागावर मी ते लावणार नाही. आणि ट्रिपवर असताना गाईड सुटली तर सरळ इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा, घरी आल्यावर सोलून काढता येते, चुकीचं इपॉक्सी मात्र तासंतास खरवडत बसावं लागतं.

प्रश्न: दुकानात एक 'लाईट' आणि एक 'हाय बिल्ड' दाखवलं. दोन्ही रॉडसाठीच आहेत म्हणाले, मग घ्यायचं कोणतं?

पहिल्यांदाच करताय तर लाईट घ्या. ते पातळ असतं, चांगलं मुरतं, बुडबुडे सहज सुटतात आणि हात चुकला तरी फार बिघडत नाही, फक्त दोन, कधी तीन थर द्यावे लागतात आणि प्रत्येक वेळी थांबावं लागतं. हाय बिल्ड जाड, एका थरात धागा बुडून जातो, पण जरा जास्त घेतलं की ते मधे गोळा होऊन धाग्याच्या मधोमध फुगवटा येतो आणि तो सुकल्यावर काही करता येत नाही.

रॉड कोणता आहे ते पण बघा. समुद्रावर बोटीतून वापरायचा जाड रॉड असेल, जो रेलिंगवर आपटतो, डब्यात घासतो, त्याला हाय बिल्डचं जाड कवच बरं. हलक्या ल्यूरसाठी (नकली आमिषासाठी) बारीक टोकाचा रॉड असेल तर टोकाकडच्या गाईडवर इपॉक्सीचा प्रत्येक जादा थेंब वजन वाढवतो आणि टोकाची चपळाई कमी होते, तिथे लाईटचे दोन पातळ थर पुरे. तसंच धाग्याच्या पलीकडे ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ दांड्यावर, इपॉक्सी अगदी थोडंसंच जाऊ द्या, दीड दोन मिलिमीटर, कड बंद होण्यापुरतं.

प्रश्न: दोन दिवस झाले, इपॉक्सी अजून बोटाला चिकटतंय. एका ठिकाणी तर बोटाचा ठसाच उमटला. हार्डनर थोडा जास्त घातला होता म्हणजे लवकर सुकेल. आता काय करू?

अशी पत्रं खूप आली, म्हणून नीट सांगतो. हार्डनर जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर सुकत नाही. रंग सुकतो तसं इपॉक्सी 'सुकत' नसतंच, त्यातून काही उडून जात नाही, रेझिन आणि हार्डनर हे त्याचे दोन भाग एकमेकांशी जोडले जातात आणि त्यातून ते घट्ट होतं. हार्डनर जास्त झाला तर जोडीला रेझिन उरत नाही, तो तसाच मोकळा राहतो आणि थर कायम मऊ राहतो. रेझिन जास्त झालं तरी तेच.

बहुतेक रॉड फिनिशचं प्रमाण 1:1 असतं आणि ते आकारमानाने, वजनाने नाही. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे काट्यावर समसमान तोललं तर प्रमाण चुकतं, बाटलीवर वजनाचं वेगळं प्रमाण दिलं असेल तरच तोला. नाहीतर सुईशिवायच्या दोन सिरिंज घ्या, एकीवर 'अ' दुसरीवर 'ब' लिहा आणि त्यांची कधीच अदलाबदल करू नका. आणि फार थोडं बनवू नका, लोक एका गाईडसाठी अर्धा अर्धा मिली घेतात आणि तिथेच घोळ होतो. 1 मिलीत 0.1 मिलीची चूक म्हणजे दहा टक्के झाली, तीच चूक 3 मिलीत तीन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून दोन्हीचं 3-3 मिली घ्या, उरलेलं वाया जाऊ द्या, पूर्ण थर खरवडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरं कारण ढवळणं. तीन चार मिनिटं, सावकाश, भांड्याची कड आणि तळ खरवडत, आणि काडीला चिकटलेलं पण परत आत पुसून घेत. तुमच्या रॉडवर एक जागा कडक आणि शेजारची मऊ असेल तर माप बरोबर होतं पण नीट ढवळलं नव्हतं, सगळीकडे सारखंच चिकट असेल तर माप चुकलंय. थंडी असली तरी उशीर होतो, 21 ते 25 डिग्रीच्या खोलीत हे काम चांगलं होतं, त्याखाली जाल तितकं रेंगाळतं.

आता तुमच्या रॉडचं. आधी तो दोन तीन दिवस उबदार कोरड्या जागी ठेवा, थंडीमुळे असेल तर घट्ट होईल. नाही झाला आणि नुसता चिकटपणा असेल, ओलं नसेल, तर अगदी बरोबर मापलेला एक पातळ थर वरून द्या, बऱ्याच वेळा त्याने काम होतं आणि खालचा मऊपणा झाकला जातो. पण बोटाने ढकलल्यावर इपॉक्सी सरकत असेल तर त्यावर काही लावू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, धागा पण काढा आणि पहिल्यापासून करा.

प्रश्न: बुडबुडे जातच नाहीत, आणि काही ठिकाणी इपॉक्सी बाजूला सरकून गोल खड्डे पडतात.

हे दोन वेगळे त्रास आहेत. बुडबुडे ढवळताना शिरतात. बाटल्या झाकण लावून कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, इपॉक्सी पातळ होतं आणि हवा सुटते, मात्र हातात वेळ कमी राहतो हे धरून चाला. ढवळून झालं की ते ॲल्युमिनियम फॉईलच्या सपाट तुकड्यावर ओता, पसरल्यावर बुडबुडे फुटतात आणि ढिगात साठणारी उष्णता पण निघून जाते, त्यामुळे लवकर घट्ट होत नाही. रॉडवर लावल्यावर उरलेल्या बुडबुड्यांसाठी स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झर्रकन फिरवा, एका जागी धरू नका, कार्बनचा ब्लँक पण रेझिननेच बांधलेला असतो आणि त्याला जास्त आच सोसत नाही. पातळ करायला थिनर मात्र घालू नका, थर कमजोर होतो.

गोल खड्डे म्हणजे तिथे तेल, बोटांचा घाम किंवा सिलिकॉन लागलंय. बऱ्याच सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉनचं वंगण असतं आणि तेच इपॉक्सीत उतरतं, त्यामुळे रबर नसलेली, आख्ख्या प्लॅस्टिकच्या दट्ट्याची सिरिंज शोधा. मेणाचं अस्तर असलेले कागदी कप पण नकोत.

आणि रॉड फिरवत ठेवा. मिनिटाला दहा पंधरा फेरे घेणारी छोटी मोटर असेल तर तीन चार तास चालू ठेवा, नसेल तर पहिला तासभर दर तीन चार मिनिटांनी अर्धा वळसा द्या, नंतर अंतर वाढवत जा. इपॉक्सीचा ओघळ थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही.

प्रश्न: जुन्या रॉडला गाईडजवळ बारीक चिरा गेल्यात. नुसता वरून थर दिला तर चालेल?

आधी गाईड बोटाने हलवून बघा. अजिबात हलत नसेल, धागा तुटलेला नसेल, चिरेखाली गंजाचा तपकिरी डाग नसेल तर 400 ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि लाईटचा एक थर द्या. न घासता लावलेला थर जुन्या कडक इपॉक्सीला धरत नाही.

गाईड हलत असेल तर धागा बदलावाच लागतो. हेअर ड्रायरने गरम करत रहा, नखाने दाबल्यावर इपॉक्सी दबतंय असं झालं की ब्लेड गाईडच्या धातूच्या पायावर ठेवून त्याच्या लांबीने कापा. ब्लेड फक्त धातूवर, ब्लँकवर कधीच नाही. कार्बनवर पडलेला बारीकसा कट डोळ्याला दिसतही नाही आणि मोठा मासा लागल्यावर रॉड बरोबर तिथूनच मोडतो. कापलं की धाग्याचं टोक पकडून उलगडत जा, इपॉक्सीचे तुकडे बरोबर निघतात.

प्रश्न: यूव्ही टॉर्चने दोन मिनिटांत घट्ट होणारं रेझिन रॉडला वापरावं का?

छोट्या दुरुस्तीला वापरा, एखादी चीर, एखादी टोकाकडची गाईड. ना मापायचं ना तासंतास फिरवायचं, हे सोयीचं आहेच. पण ते जिथे प्रकाश पोचतो तिथेच घट्ट होतं, आणि गडद धाग्याखाली, गाईडच्या पायाच्या सावलीत प्रकाश पोचत नाही, तिथे ते ओलंच राहू शकतं. त्यामुळे पूर्ण रॉड नव्याने बांधत असाल तर मी अजूनही दोन भागांचं इपॉक्सीच घेईन.

प्रश्न: लाल धागा इपॉक्सी लावल्यावर काळपट झाला, आतला ब्लँक दिसायला लागला.

साधा नायलॉन इपॉक्सी शोषून पारदर्शक होतो, खालचा काळा ब्लँक वर दिसतो. रंग टिकवायचा तर आधी कलर प्रिझर्व्हर (धाग्यात इपॉक्सी मुरू न देणारा थर) लावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच इपॉक्सी, नाहीतर डाग पडतात. किंवा एनसीपी (नो कलर प्रिझर्व्हर) धागा घ्या, त्याला प्रिझर्व्हर लागत नाही. जुन्या रॉडची एकच गाईड बदलत असाल तर आधी बाकीच्या गाईडवर कोणता धागा आहे ते बघून तसाच लावा.

प्रश्न: टोकाची रिंग निघाली. उरलेलं रॉड फिनिश त्यात भरू का?

नाही. टोकासाठी गरम करून वितळवायची ग्लू स्टिक असते ती वापरा. टोक कधी ना कधी परत मोडतंच, ग्लू असेल तर थोडं गरम केलं की रिंग निघून येते, इपॉक्सी असेल तर ब्लँकचं टोक पण जळतं. सैल झालेल्या रील सीटला (रॉडवर रील बसवायच्या भागाला) मात्र इपॉक्सीच लागतं, पण तेही घट्ट पेस्टसारखं, सावकाश धरणारं, जे पोकळी भरून जागच्या जागी राहतं. पातळ फिनिश तिथून गळून जातं.

प्रश्न: इपॉक्सीचं काम केलं की मनगटावर पुरळ येतं. काही मलम सुचवा.

मलम डॉक्टर सांगतील, तुम्ही आधी काम थांबवा. इपॉक्सीची, विशेषतः हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही आणि पुढे अगदी थोड्या स्पर्शाने पण उठते. बाकी सगळ्यांनी नायट्राईलचे हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. हाताला लागलं तर साबण आणि पाण्याने धुवा, ॲसिटोनने पुसू नका, त्याने इपॉक्सी पातळ होऊन कातडीवर आणखी पसरतं. अर्धवट घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पॉलिश पेपर चालवू नका, आणि घासताना मास्क हवाच.

प्रश्न: वर्षभर ठेवलेल्या बाटलीत रेझिन पांढरं, रवाळ झालंय. टाकून देऊ?

टाकू नका. ते गोठलंय, खराब झालेलं नाही. झाकण घट्ट लावून बाटली साधारण 50 डिग्रीच्या पाण्यात ठेवा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत, मग गार होऊ द्या आणि वापरा. एकही कण शिल्लक ठेवू नका, त्याच्याभोवती परत गोठायला लागतं. हार्डनर थोडा पिवळसर झाला असेल तरी चालतो, फक्त पांढऱ्या धाग्यावर ती झाक दिसेल, तिथे नवीन बाटली काढा.